ऐंशी डॉलरचा दात

(पत्र तीन पानी होतं, कापून देतेय.)

"ताई, मी महाराष्ट्रातून बीडीएस केलं आणि आता अमेरिकेत अटलांटाला एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सच्या) दुसऱ्या सेमिस्टरला आहे. इथे येताना डोक्यात पक्कं होतं की हेल्थ इक्विटीच्या पॉलिसीत काम करायचं, म्हणजे ब्लॅक, लॅटिनो, नेटिव्ह लोकांच्या वाट्याला आजार जास्त आणि उपचार कमी येतात त्यावर. पण मी आले आणि तो शब्दच गायब व्हायला लागला. ज्या फेलोशिपवर डोळा होता ती बंद, दोन सिनियर्सचा लेऑफ, जॉब पोस्टिंगमध्ये इक्विटी शोधून सापडत नाही. आई म्हणते बायोस्टॅट (आरोग्याचं आकडेशास्त्र) घे आणि फार्मात जा, काका म्हणतात डेंटिस्ट आहेस ना, मग इथल्या परीक्षा देऊन क्लिनिक टाक. आणि वर्गातल्या एका ब्लॅक मुलीने मला सरळ विचारलं, तुला यात काय इंटरेस्ट? मला उत्तरच सुचलं नाही. डोक्यावर चाळीस लाखांचं कर्ज आहे. करू की सोडू?
– ना धड डेंटिस्ट, ना धड पॉलिसीवाली"

अगं ना-धड-ना-धड,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझं लक्ष बीडीएसवरच अडकलं, तू ते असं लिहिलंयस जसं काही ते चुकून घेतलेलं वळण होतं आणि आता नाइलाजाने सांगावं लागतंय. म्हणून आधी दाताचीच गोष्ट सांगते. वर्गात ऐकली असशील तर परत ऐक.

२००७ चा फेब्रुवारी, मेरीलँड राज्य, वॉशिंग्टनला लागून असलेली प्रिन्स जॉर्जेस काउंटी. बारा वर्षांचा एक ब्लॅक मुलगा. दात किडला, पू झाला, इन्फेक्शन मेंदूपर्यंत गेलं, दोन ऑपरेशनं झाली, कित्येक आठवडे हॉस्पिटलात, बिल अडीच लाख डॉलरच्या घरात, आणि पोरगं गेलं. तो दात वेळेत काढायला साधारण ऐंशी डॉलर लागले असते. तू डेंटिस्ट आहेस, तुला हे वाचताना काय झालं असेल ते मला सांगायची गरज नाही.

आता बघ काय काय मोडलेलं होतं. मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, घेणारे डेंटिस्टच कमी, कारण सरकार देत होतं तो दर त्यांना परवडत नव्हता. आई फोनवर फोन करत होती, तेही त्याच्या भावासाठी, कारण भावाचे दात जास्त वाईट होते, ह्या मुलाने तर फारशी तक्रारही केली नव्हती. मध्येच कुटुंबाचं मेडिकेड बंद पडलं, आणि घरच्यांचा अंदाज असा की रिन्यूअलचे कागद आधीच्या शेल्टरच्या पत्त्यावर गेले असावेत. म्हणजे एक दर, एक यादी, एक पाकीट. ब्लॅक मुलांवर उपचार करू नका असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजच नव्हती.

आणि नंतर जे दुरुस्त झालं तेही तसंच, कंटाळवाणं. मेरीलँडने एक समिती बसवली, डेंटिस्टना मिळणारे दर वाढवले, पब्लिक हेल्थ हायजीनिस्टना (दात साफ करणाऱ्या, पण डेंटिस्ट नसलेल्या) शाळांसारख्या ठिकाणी जाऊन काम करायची मोकळीक दिली. २००९ मध्ये मुलांच्या विम्याचा केंद्राचा कायदा, तो चिप म्हणतात ना तो, नव्याने मंजूर झाला तेव्हा त्यात दातांचे उपचार सक्तीचे झाले. ह्या सगळ्यासाठी कुणीतरी दरपत्रक वाचलं होतं, कुणीतरी आकडेमोड केली होती, कुणीतरी आमदाराच्या स्टाफला अकरा वेळा फोन केला होता. (अकरा हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, आठव्या-नवव्याला ते फोन उचलतात.) पॉलिसीतलं करिअर म्हणजे हे. भाषण नव्हे.

आता तुझा शब्द, इक्विटी. तो गेला हे खरंय, मी उगीच गोड बोलणार नाही. २० जानेवारी २०२५ ला, ट्रम्प सरकारच्या पहिल्याच दिवशी, ऑर्डर निघाल्या, आधीच्या सरकारची वांशिक समतेची ऑर्डर रद्द झाली, एप्रिलमध्ये आरोग्य खात्यात हजारोंनी माणसं काढली आणि तुझ्या अटलांटात तर सीडीसीचं, म्हणजे रोगनियंत्रणाच्या केंद्रीय संस्थेचं, मुख्यालयच आहे, तुला बातम्या वाचायला लागल्या नसतील, शेजारीपाजारी दिसलं असेल. त्यात गेली ती नुसती शब्दावरची माणसं नव्हती, त्यांच्याबरोबर बराच डेटा आणि बरीच ओळखीपाळखीची यंत्रणा गेली, आणि वंशाचा कॉलमच नसेल तर कोण जास्त मरतंय हे दिसणार तरी कसं. २०२३ चे सीडीसीचेच आकडे बघ, एक लाख बाळंतपणांमागे ब्लॅक बायकांचे ५०.३ मृत्यू आणि गोऱ्या बायकांचे १४.५. हे कळतं कारण कुणीतरी तो कॉलम भरतं.

पण तरीही मला वाटतं की तू शब्दाला नोकरी समजून बसलीयस. १९८५ मध्ये हेकलर बाईंचा रिपोर्ट आला, त्या रेगनच्या आरोग्यमंत्री, रेगनच्या म्हणजे बघ, त्यात हिशोब होता की अल्पसंख्याकांमध्ये वर्षाला साधारण ६०,००० जास्तीचे मृत्यू होतायत. तेव्हा शब्द होता मायनॉरिटी हेल्थ. मग डिस्पॅरिटी आला, मग इक्विटी. त्याच्याही आधी, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या भागात साधी ओळ आहे की सरकारी पैसा घेत असाल तर वंश, रंग, मूळ देश बघून कुणाला डावलायचं नाही. १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा सरकारी विमा, सुरू झालं आणि सरकारने हॉस्पिटलांना सांगितलं, हे पैसे हवेत ना, मग गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वेगळे वॉर्ड बंद करा. पिढ्यान्‌पिढ्या जे हललं नव्हतं ते हजाराहून जास्त हॉस्पिटलांत काही महिन्यांत हललं. चेकबुक होतं हातात, म्हणून. ती ओळ अजून कायद्यात आहे.

अलीकडचं उदाहरण किडनीचं. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनी किती चालते ते काढायचा जो फॉर्म्युला होता त्यात पेशंट ब्लॅक असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणायचे, म्हणजे तीच किडनी, तेच रक्त, पण कागदावर सोळा टक्के जास्त ठणठणीत. आणि ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टवर वेळ मोजायला सुरुवात होते ती आकडा २० पर्यंत खाली आला की. मग काय, ब्लॅक पेशंट रांगेत उशिरा लागणार. अनेक मेडिकल कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी ह्यावर आवाज उठवला, २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने वंशाशिवायचा फॉर्म्युला सुचवला, आणि जानेवारी २०२३ पासून ट्रान्सप्लांट सेंटर्सना सांगितलं गेलं की जुन्या फॉर्म्युल्यामुळे ज्यांचा वेळ बुडाला त्यांना तो परत द्या. पुढच्या साधारण सव्वा वर्षात १४,००० हून जास्त ब्लॅक पेशंटना सरासरी दोनेक वर्षं परत मिळाली. रांगेतली दोन वर्षं! एका गुणाकारापायी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसात उठून उभी राहिले होते, कुणाला सांगू असं झालं आणि शेजारी फक्त प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस होता, त्यालाच सांगितलं.

तर मग शिकायचं काय? माझं स्पष्ट मत, मेडिकेड शीक. सगळं नाही येणार, कुणालाच येत नाही, पण एका राज्याचं मेडिकेड आतून बाहेरून शीक, आणि अटलांटात म्हणजे तू बसलीयस जॉर्जिया राज्यात, ह्या विषयाच्या माजघरातच. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिकेड वाढवणं, म्हणजे आणखी गरिबांना त्यात घेणं, राज्यांच्या मर्जीवर सोडलं, दहा राज्यांनी आजवर वाढवलं नाही, त्यातली बरीचशी दक्षिणेत, आणि देशातले निम्म्याहून जास्त ब्लॅक लोक दक्षिणेतच राहतात. ह्यापुढे मला वेगळं काही सांगायला नको. जॉर्जियाने जुलै २०२३ पासून स्वतःची वेगळी योजना काढली, महिन्याला ८० तास काम किंवा शिक्षण दाखवा मग विमा, आणि त्यात नावं आली ती अपेक्षेपेक्षा फारच कमी. अर्कान्सासने हाच प्रयोग २०१८ मध्ये केला होता, काही महिन्यांत १८,००० लोकांचा विमा गेला, मग कोर्टाने थांबवलं. आता २०२५ च्या जुलैमधल्या कायद्याने हीच ८० तासांची अट २०२७ च्या सुरुवातीपर्यंत मेडिकेड वाढवलेल्या राज्यांतही येतेय. म्हणजे येती दोन-चार वर्षं देशभर फॉर्म, पुरावे, पोर्टल, पत्ते आणि डेडलाइन ह्यांचा पूर येणार आहे आणि प्रत्येक राज्याला अशी माणसं लागणार आहेत ज्यांना कळतं की फॉर्ममधल्या कुठल्या ओळीवर माणसं गळतात. कोविडनंतर २०२३-२४ मध्ये सगळ्यांचं मेडिकेड परत तपासलं तेव्हा अडीच कोटींहून जास्त लोकांची नावं कटली, आणि त्यातली जवळजवळ सत्तर टक्के कागदपत्रांच्या कारणाने, अपात्र ठरले म्हणून नाही. फॉर्म आला नाही, परत गेला नाही, अर्धवट भरला, संपलं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. खूप वर्षांपूर्वी एका ऑफिसात (कुठलं ते राहू दे) मला मागच्या खोलीत पाठवलं होतं स्टेपलर आणायला, आणि तिथे प्लास्टिकच्या क्रेट्समध्ये परत आलेली पाकिटं होती. रिन्यूअलची. पत्ता चुकीचा, माणूस राहत नाही, वगैरे शिक्के. मी विचारलं ह्यांचं काय करतो आपण, तर उत्तर आलं, काही नाही, साठ दिवस ठेवतो. मी त्या वेळी वरच्या मजल्यावर वांशिक असमानतेवर चाळीस पानी रिपोर्ट लिहीत होते, चार रंगांचे नकाशे घालून, आणि खालच्या मजल्यावर ती असमानता क्रेटमध्ये भरून ठेवलेली होती. रिपोर्ट कुणी वाचला नाही. पाकिटांवर नंतर आम्ही दोघी-तिघींनी काम केलं, पोस्टाच्या नव्या पत्त्यांशी जुळवायचं, आधी फोन करायचा, मेसेज करायचा, पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहायचं की हे जाहिरातीचं पत्र नाही. त्याला कुणी अवॉर्ड दिलं नाही आणि माझ्या सगळ्या करिअरमध्ये मला अभिमान वाटतो ते बहुतेक एवढंच काम आहे.

तुझ्या काकांना सांग की क्लिनिक टाकणं वाईट नाहीये, पण त्याला परत दोन-तीन वर्षं डेंटल स्कूल आणि परत कर्ज. आणि दुसरं असं की दाताच्या पॉलिसीत डेंटिस्ट फार कमी आहेत, जे आहेत ते बऱ्याचदा दुसऱ्या बाजूने बोलतात. अलास्कात २००० नंतरच्या दशकात नेटिव्ह लोकांच्या संस्थांनी स्वतःच्या मुलांना न्यूझीलंडला ट्रेनिंगला पाठवलं आणि गावागावात डेंटल थेरपिस्ट आणले, साध्या फिलिंगा करायला, साधे दात काढायला, कारण त्या गावांत डेंटिस्ट वर्षातून एखादवेळी विमानाने यायचा. तर डेंटिस्टांची संघटना २००६ मध्ये कोर्टात गेली, हे काम आमचं म्हणून. आज थेरपिस्ट अलास्कात आहेत, मिनेसोटाने २००९ मध्ये कायदा करून आणले, पुढे इतरही राज्यांनी. ह्या भांडणात जी बाई उठून म्हणू शकते की मी स्वतः दात काढलेत आणि मी सांगते की हे काम ट्रेनिंग देऊन शिकवता येतं, तिचं वजन वेगळं असतं, एमपीएचची नुसती डिग्री तिथे पुरत नाही. आणि मोठ्या माणसांचे दात तर मेडिकेडमध्ये राज्याच्या मर्जीवर आहेत, बजेट कडक झालं की पहिली कात्री तिथेच, कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये बहुतेक बंद केलं आणि पूर्ण परत यायला २०१८ उजाडलं. जवळजवळ नऊ वर्षं. दातांना नऊ वर्षं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न, ज्याला तू पत्राच्या शेवटी चार ओळींत उरकलंस, आणि मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलं होतंस.

मीही एकदा ह्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, न विचारताच. एका मीटिंगनंतर मोठ्या ऐटीत सांगितलं की १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डु बॉइसना, अमेरिकेतल्या मोठ्या ब्लॅक विचारवंताला, पत्र लिहिलं होतं, अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रो लोकांची स्थिती किती सारखी आहे म्हणून, आणि डु बॉइसनी उत्तरही दिलं होतं. आणि महात्मा फुल्यांनी तर १८७३ मध्ये गुलामगिरी अर्पणच केली अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना. माझी सिनियर, साठीची ब्लॅक बाई, शांतपणे सगळं ऐकून म्हणाली, फार छान, मग तुझ्या घरचे तेव्हा कुठल्या बाजूला होते? मला बोलताच येईना. रात्री बाबांना फोन केला. आमच्या गावच्या वाड्यातली विहीर कुणाला होती आणि कुणाला नव्हती हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कळलं, तेही एका परक्या बाईने विचारलं म्हणून. दुसऱ्या दिवशी तिला जाऊन खरं ते सांगितलं. ती म्हणाली, हं, आता आपण काम करू शकतो.

तू कुठल्या घरातली आहेस मला माहीत नाही आणि मी विचारतही नाहीये. विहिरीच्या बाहेर उभं राहिलेल्यांच्या घरातली असशील तर तुझं उत्तर माझ्यापेक्षा फार वेगळं असेल आणि ते कधी, कुणाला, किती सांगायचं हे फक्त तूच ठरव. आत असलेल्यांतली असशील तर आधी घरी फोन कर. पण दोन्हीकडे एक गोष्ट करू नकोस, आपल्या दुःखाचं त्यांच्या दुःखाशी घाईघाईने नातं जोडू नकोस. आपलेही आकडे आहेत, नाही असं नाही, आपल्याकडे कमी वजनालाच डायबेटिस होतो म्हणून इथल्या डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये एशियन लोकांची तपासणी बीएमआय २३ पासूनच करा असं सांगितलं, इतरांना २५. ते काम जरूर कर कधीतरी. पण त्या मुलीला उत्तर म्हणून ते देऊ नकोस, फार केविलवाणं वाटतं. सध्या एवढं सांग की मी डेंटिस्ट आहे आणि वाचवता आले असते असे दात मी खूप काढलेत. मला वाटतं हे खरं असेल.

आता पैसा आणि व्हिसा, कारण चाळीस लाख काही शब्दांनी फिटत नाहीत. ह्यात आईचं अर्धं बरोबर आहे. बायोस्टॅट किंवा एपिडेमिऑलॉजी (रोग कुणात, किती पसरतात त्याचा अभ्यास) घेच, दोन कारणांसाठी. एक म्हणजे आकडे स्वतः काढता येत नसतील तर पॉलिसीत तू कायम दुसऱ्याने काढून दिलेल्या आकड्यांची वाट बघत बसशील. दुसरं म्हणजे ओपीटी, शिक्षणानंतर इथे काम करायची परवानगी. तुझ्या आय-२० वर, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, कोर्सचा सीआयपी कोड असतो तो आज रात्रीच काढून बघ, नुसत्या एमपीएचच्या कोडवर साधारण एकच वर्ष मिळतं, एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटचे कोड स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-गणिताच्या यादीत, येतात, त्यावर आणखी चोवीस महिने. ट्रॅक बदलायचा तर आत्ता, शेवटच्या सेमिस्टरला नाही, आणि इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी घे. फेडरल नोकऱ्या बहुतेक नागरिकांनाच, तिथे जीव जाळू नकोस. काउंट्या व्हिसा स्पॉन्सर करतीलच असं नाही, पहिल्या इंटरव्ह्यूतच विचार, लाजायचं काय त्यात. युनिव्हर्सिटी आणि त्यांना जोडलेली नॉन-प्रॉफिट रिसर्च सेंटर्स एच-वन-बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, लॉटरीत अडकत नाहीत, आणि राज्याच्या मेडिकेडचा डेटा तपासायचं कंत्राट बऱ्याचदा अशाच सेंटर्सना मिळतं. म्हणजे तिथून तेच काम होतं, फक्त बिल्ला वेगळा. जॉब शोधताना इक्विटी टाइप करणं बंद कर, मेडिकेड, मॅटर्नल हेल्थ, ओरल हेल्थ, एलिजिबिलिटी, क्वालिटी असं शोध. पगार फार्मापेक्षा कमी असेल, चांगलाच कमी. कर्ज फिटेपर्यंत दोन-तीन वर्षं फार्मात काढावी लागली तर काढ, मी तुला कमी समजणार नाही, पण त्या काळात एका कम्युनिटी क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर महिन्यातून एक शनिवार बस आणि लोकांचे फॉर्म भर, नाहीतर परत येताना रस्ता सापडत नाही.

आणि एक काम लगेच. जॉर्जियाची विधानसभा जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होते, चाळीस दिवसांचंच कामकाज असतं, तुझ्या घरापासून लांब नाही, त्या सोन्याच्या घुमटाखाली. आरोग्य समितीच्या सुनावणीला जा. पहिल्या वेळी बोलू नकोस, नुसतं बघ की कोण बोलायला येतं, कुणाला तीन मिनिटं मिळतात आणि कुणाला वीस, आणि दाताचा विषय निघाला तर कुणाच्या बाजूने किती सूटबूटवाले बसलेत. त्या मुलीलाही विचार येतेस का. डबा न्या, वेळापत्रकावर दहा लिहिलेलं असलं तरी दुपारचे दोन वाजतात.